दिव्याची शेजारीण

वास येतो, हे आमच्या घरात पहिल्यांदा बोलून दाखवलं ते माझ्या आईने. रविवार होता. तव्यावर सुकट भाजायला घातलेली, आणि सुकट भाजली जात असताना त्या दोन खोल्यांत दुसरा कसला वास येणं शक्यच नव्हतं. तरी आई कालथा हातात धरून थांबली, आतल्या खोलीच्या दाराकडे बघत हळू आवाजात माझ्या वडिलांना, दादांना, म्हणाली, "अहो, आक्कांच्या अंगाला वास येतोय. बरेच दिवस येतोय." दादा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. मी आणि माझी मोठी बहीण प्रज्ञा एकमेकींकडे बघत राहिलो. तो वास आम्हालाही येत होता. मी आक्काच्या शेजारी झोपायचे, त्यामुळे मला तर सगळ्यात आधीपासून येत होता. निलगिरीचं तेल, टाल्कम पावडर आणि त्याखाली काहीतरी, पाणी न बदललेल्या फुलदाणीसारखं. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलेले आणि त्याचं कारण मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण. नात्याने आमची आत्या. पण दादा तिला आक्का म्हणत, म्हणून आईही म्हणे आणि आम्हीही. साताऱ्याकडच्या गावात तिचं लग्न लवकर झालं आणि नवऱ्याने दुसरी बायको आणल्यावर लवकरच मोडलं. आई-वडील गेल्यावर धाकट्या भावाला घेऊन ती डोंबिवलीला आली, मानपाड्याजवळ औषधांच्या एका कंपनीत बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या कामाला लागली आणि निवृत्त होईपर्यंत तेच काम करत राहिली. दादा शिकले, कचेरीत लागले, त्यांचं लग्न झालं, आम्ही राहायचो ती जागा घेतली, ते सगळं आक्काच्या त्या बाटल्यांवर. दादा विहारात चांगलं बोलत. बुद्धपौर्णिमेला, वर्षावासात त्यांचं भाषण ठेवायचे, आणि प्रत्येक भाषणात एकदा तरी ते आक्काकडे बोट दाखवून म्हणत, "ही माझी बहीण नाही, ही माझी आई आहे." बायका वळून बघायच्या. आक्का पदर तोंडाला लावून खाली बघायची. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. कुणाचा, ते आता सांगता येणार नाही.

आमच्या घराची सकाळ आक्काच्या भाकरीच्या आवाजाने व्हायची. आई भाकरी थापायची ती घाईने, कामातून काम काढून. आक्काच्या थापण्याला ताल होता, शेवटचे दोन-तीन फटके अगदी हलके, लहान मुलाला थोपटावं तसे. तव्यावर टाकल्यावर ती पाणी फिरवायची आणि उरलेल्या ओल्या हाताने माझ्या डोक्यावर एक टप्पल मारायची, की मी उठले. तो आवाज एक दिवस बंद झाला. आई म्हणाली, आता आक्कांनी आराम करावा, पोळ्या करू. आम्हाला पोळ्या आवडायच्या. म्हणून भाकरी का बंद झाली, असं कुणी विचारलं नाही. तिचा डावा हात सुजायला लागला होता. ती तो पदराखाली ठेवायची.

शेवटी मीच बघितलं. बारावीला एका विषयात राहिल्यामुळे मी घरीच असायचे. दुपारी आई बाजारात गेलेली, आक्का मोरीतून बाहेर आली आणि तिला ब्लाऊजमध्ये हात घालता येईना. तिने मला हाक मारली नाही. ती नुसती उभी राहिली, पाठ करून, बाहीशी झटापट करत. मी मदत करायला गेले आणि तिच्या छातीवरची घडी घातलेली चिंधी खाली पडली. त्याखाली काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते की माणसाच्या अंगावर इतकं मोठं काही उघडं असेल आणि ते माणूस रोज आपल्याला वेणी घालून देत असेल, हे मला खरं वाटेना.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"गाठ व्हती, तवा बारकी व्हती," आक्का म्हणाली. "दुखत न्हवती. मला वाटलं जाईल."

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? भावाला सांगू, छातीला झालंय म्हणून? आन तुज्या आयला सांगितलं तर ती त्यालाच सांगणार." मग तिने चिंधी उचलली, झटकली आणि मला म्हणाली, "सुजा, आत्ता बोलू नगंस. परज्ञाला बगायला माणसं येणारेत. ते हुंदे."

ते मी ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. त्या एका गोष्टीबद्दल मला अजून बरं वाटतं, आणि त्या सगळ्या काळात मला बरं वाटेल अशी तेवढीच एक गोष्ट आहे.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आम्ही पुष्कळ फेऱ्या मारल्या. रांगेत तिच्यासारख्या खूप बायका होत्या. सगळ्यांच्या मांडीवर फायली आणि सगळ्यांचे पदर छातीशी घट्ट. तपासण्या झाल्या, शेक दिला, सलाइनमधून औषध दिलं, आक्काचे लांब केस हातात यायला लागले तसे तिने ते स्वतःच कापून टाकले. एक दिवस डॉक्टरीणबाईंनी दादांना आणि मला बाजूला घेतलं. हाडात आणि यकृतात गेलंय, म्हणाल्या. आता बरं करायचं नाही, त्रास कमी करायचा. "घरी ठेवा. माणसांत ठेवा. आणि आधी का नाही आणलंत?"

"तिने सांगितलंच नाही, मॅडम," दादा म्हणाले. ते खोटं नव्हतं. दादांचं बोलणं बहुतेक वेळा खोटं नसायचं.

प्रज्ञाचं आधीचं स्थळ जमलं नव्हतं; त्याच महिन्यात दुसरं आलं. मुलगा बँकेत, माणसं ठाण्याची, खोपटला स्वतःचं घर, सासू शाळेत शिक्षिका. ते पोरगी बघून गेले तो दिवस मला आठवतो. सकाळपासून घरात उदबत्त्या जळत होत्या, मी आक्काला घेऊन खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे बसलेले, आणि वर पोह्यांच्या बश्या फिरत होत्या. स्थळ पसंत पडलं. आता ती माणसं येणार-जाणार. दुसऱ्या दिवशी दादांनी आक्काजवळ स्टूल ओढलं आणि विहारात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "आक्का, दिव्याला, स्टेशनाजवळ, माझ्या कचेरीतल्या सोबतच्याची जागा रिकामी आहे. चौथा मजला, छान वारा येतो. इथे तुला कोंडल्यासारखं होतं. सुजा राहील सोबत. लग्न झालं की परत येशील." आईने मान खाली घालून भाजी निवडली. आक्काने एकदा खोलीभर बघितलं. मग म्हणाली, "बरं हाय. वारं पायजेच." प्रज्ञा त्या वेळी आरशासमोर भुवया कोरत होती. आरशात मला ती दिसत होती आणि तिला मी. तिचा हात थांबला नाही.

दिव्याच्या त्या इमारतीला लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. शेजारी दुसरी इमारत बांधत होते. तिथल्या दोन मजुरांनी आक्काला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावर चढवलं. प्रत्येक मजल्यावर ते दम खायला थांबले आणि प्रत्येक मजल्यावर आक्काने त्यांना त्यांचं गाव विचारलं. पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, तेही तळमजल्यावर. मी बादल्या चढवायचे. समोरच्या खोलीत एक बिहारी बाई राहायची, तिला सगळे भाभी म्हणायचे. पाणी आलं की ती जिन्यातून ओरडायची, "सुजा, आ गया," की मी धावत सुटायचे. आई दर रविवारी डबा पाठवायची किंवा घेऊन यायची. डब्यात मटण असायचं, आक्काला आवडतं म्हणून वेगळी काढलेली नळी असायची. आई वाईट बाई नव्हती. ती दारात चपला काढायची, डबा ओट्यावर ठेवायची, आक्काच्या पायाला हात लावायची आणि तिचं तोंड सगळा वेळ किंचित मिटलेलं असायचं, श्वास धरल्यासारखं.

एका संस्थेच्या सिस्टर गुरुवारी यायच्या. त्यांनी मला सगळं शिकवलं. पाणी मीठ घालून उकळायचं, गार करायचं. आधीची पट्टी ओढायची नाही, भिजवून सोडवायची. वासासाठी गोळ्या कुटून त्याची पूड जखमेवर भुरभुरवायची, वर गॉज, वर कापूस. पहिल्या दिवशी मी तोंड फिरवून पूड टाकली आणि ती सगळ्या चादरीवर सांडली. सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वासाला घाबरू नकोस. वास म्हणजे त्या नाहीत." आठ दिवसांनी वास खरंच कमी झाला. मला धक्का बसला तो त्याचाच. साध्या गोळ्या होत्या, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या. डोंबिवलीच्या घरी कुणी कुणाला विचारलं असतं, तर आक्का तिथेच राहिली असती.

आणि तरी, आता इतक्या वर्षांनी केस पिकायला लागल्यावर मला वाटतं, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणून मोजायचे तर ते दिव्याचे. आक्का उशांना टेकून बसायची आणि मला भाकरी शिकवायची. ती नुसती बोलायची, पीठ माझ्या हातात. "पाणी ऊन घे. मळ, अजून मळ, तुज्या आयवानी सोडू नगंस." माझ्या भाकरीचे नकाशे व्हायचे, ती हसायची, हसलं की दुखायचं, मग हात छातीशी धरून हसायची. तिला हुलग्याचं माडगं खावंसं वाटायचं. भाभीने कुठूनतरी हुलगे आणले, मी ते भाजून दळून पेज केली, गूळ घातला. चार चमचे खाल्ले तिने. मला कंपनीतल्या गोष्टी सांगायची. लेबल तिरकं लागलं की साहेब कसा बाटली डोळ्यांसमोर धरून बघायचा, बायका त्याची कशी नक्कल करायच्या. नवऱ्याबद्दल एकदाच बोलली. "त्यो वाईट न्हवता," म्हणाली, "भित्रा व्हता. भित्र्या माणसाचं लई सोसावं लागतं." तेव्हा मला ते तिच्या नवऱ्याबद्दलच वाटलेलं.

साखरपुडा ठरला. खोपटला एसटी डेपोजवळ एक हॉल घेतलेला. दादा सांगायला दिव्याला आले, मोसंबी घेऊन. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले.

"आक्का, तुला दगदग होईल," ते म्हणाले. "फोटो दाखवतो सगळे. लग्नाला मात्र यायचंच."

"लग्नापतूर मी न्हाई ऱ्हात, बाबा," आक्का म्हणाली, साध्या आवाजात, भाजी आणायची राहिली असं सांगावं तशी. "मी मागं बसंन. कोपऱ्यात. तिला वटी भरायची न्हाई, काय न्हाई. नुसतं बगंन."

दादा बघू म्हणाले. जिन्यात मला म्हणाले, "तिला काहीतरी सांग तू. साखरपुडा पुढे ढकललाय म्हण." मी हो म्हटलं.

पण मी आक्काला तसं सांगितलं नाही. मी सतरा वर्षांची होते आणि मला वाटत होतं की मी फार धीट आहे. साखरपुड्याच्या सकाळी मी पट्टी नेहमीपेक्षा सावकाश केली, पूड दुप्पट घातली, कापूस दुप्पट लावला. तिची जांभळी इरकल नेसवली. सुजलेल्या हाताला ब्लाऊज चढेना म्हणून बाही उसवली आणि वरून पदर घेतला. डोक्याला रुमाल, त्यावर पदर. भाभीने तिला अत्तर लावलं आणि दोन पावलं मागे जाऊन म्हणाली, "एकदम सास लग रही हो." त्या मजुरांनी पुन्हा खुर्ची उतरवली. रिक्षा मुंब्र्यावरून, कळव्यावरून निघाली. प्रत्येक खड्ड्याला आक्का डोळे मिटायची आणि खड्डा गेला की उघडून बाहेर बघायची. खाडी आली तेव्हा म्हणाली, "केवढं पाणी गं, आन आपल्याला एक हंडा मिळंना."

दादा हॉलच्या दारात पाहुण्यांचं स्वागत करत होते. आम्हाला बघितल्यावर त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यातलं सगळं निघून गेलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते पुढे आले, आक्काचा बरा हात धरला आणि म्हणाले, "ये आक्का, इथे पंख्याखाली बस," आणि तिला स्टेजच्या बाजूच्या खोलीत नेलं. तिथे जास्तीच्या खुर्च्या, फुलांच्या पाट्या आणि नवरीच्या बॅगा ठेवलेल्या. दाराच्या फटीतून स्टेजचा एक तुकडा दिसत होता. आक्काने खुर्ची त्या फटीसमोर घ्यायला सांगितली. बाहेर त्रिसरण-पंचशील सुरू झालं. आक्का बसल्या जागी हात जोडून पुटपुटत होती, एक हात पुरता वर येत नव्हता, तरी. फटीतून प्रज्ञाची हिरवी साडी दिसली, बांगड्या दिसल्या, तोंड काही दिसलं नाही. "लई ग्वाड दिसतीया," आक्का म्हणाली.

वंदना झाली, अंगठ्या झाल्या. मग प्रज्ञाला नेसवायची साडी घ्यायला तिची होणारी सासू त्या खोलीत आली. उंच, चष्मा लावलेली, प्रसन्न बाई. तिच्या मागोमाग दादा लगबगीने आले. बाईंनी आक्काकडे बघितलं. नाकात वास गेला असणार. अत्तर होतं, तरी गेला असणार. पण त्या मागे सरकल्या नाहीत. उलट एक पाऊल पुढे आल्या, वाकल्या आणि मला म्हणाल्या, "ह्या कोण गं? बरं नाही का त्यांना?"

दादा माझ्याकडे बघत होते. ते काही बोलले नाहीत, मानही हलवली नाही. मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले की त्यांनी डोळ्यांनी सांगितलं. नाही सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत नुसती भीती होती, आणि ती बघून मला त्यांची दया आली. जी बाई माझ्या समोर बसलेली तिच्याऐवजी मला त्यांची दया आली.

"शेजारच्या आहेत," मी म्हटलं. "दिव्याच्या."

मी दिव्याला का राहते, दिव्याच्या शेजारणीला एवढ्या लांब का आणलं, हे त्या बाईंनी विचारलं असतं तर मला पुढचं सुचलं नसतं. पण आक्काने वेळच येऊ दिली नाही. तिने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "व्हय, शेजारीण हाय मी. पोरीनं लई गळ घातली म्हनून आले. लेकरू चांगलं हाय. दोगीबी चांगल्या हायत." बाई म्हणाल्या, बरं केलंत आलात, जेवल्याशिवाय जाऊ नका. साडी घेऊन गेल्या. दादा त्यांच्या मागून गेले. मी आक्काकडे बघितलं नाही. फुलांच्या पाटीतली फुलं नीट करत राहिले.

जेवायच्या पंगती सुरू झाल्यावर आक्का म्हणाली, "चल, जाऊया." मी ताट आणते म्हटलं तर नको म्हणाली. परतीच्या रिक्षात मी रडायला लागले. मला वाटत होतं की ती हात धरेल, असू दे म्हणेल, टप्पल मारेल. तिने हात मांडीवरच ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "माणसं चांगली हायत. सुखात ऱ्हाईल ती."

दुसऱ्या दिवशीपासून ती माझ्याशी चांगलं वागायला लागली. ह्याला दुसरा शब्द मला सापडत नाही. आदल्या दिवसापर्यंत "सुजे, पाणी दे" म्हणणारी आक्का "जरा पाणी देतीस का बाई, तरास न्हाई ना?" असं विचारायला लागली. मी पट्टी करायला बसले की म्हणायची, "ऱ्हाऊ दे, गुरुवारी शिष्टर करंल, तुला कशाला." मी भाकरी केली तर "चांगली झालीया" म्हणायची, वाकडी झालेली असली तरी. दुखलं तर कण्हायची नाही. कंपनीच्या गोष्टी बंद झाल्या. मी एकदा तिच्या पायाशी बसून म्हटलं, "आक्का, चुकलं माझं." ती म्हणाली, "तुजं काय चुकलं? तू लई केलंस माजं." परक्या माणसाला निरोप देताना म्हणतात तसं. ती रागावली होती का, शिक्षा करत होती का, की तिला खरंच वाटलेलं की आता आपण ह्या पोरीवर भार टाकण्याइतके तिचे कुणी नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. शिक्षा असती तर मी सोसली असती. मला वाटतं, ती शिक्षा नव्हती.

तीन आठवड्यांनी ती गेली. सकाळी पाणी आलं म्हणून मी खाली गेलेले. वर आले तेव्हा भाभी तिच्या उशाशी बसलेली, आक्काचा सुजलेला हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन. भाभीने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी बादल्या ओट्याखाली ठेवल्या, त्यावर झाकण घातलं, आणि मग मला कळेना की आता पाण्याचं काय करायचं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम डोंबिवलीला झाला, विहारात. दादा पांढऱ्या कपड्यांत उभे राहिले. "ही माझी बहीण नव्हती, ही माझी आई होती," म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना. लोकांनी धरून बसवलं. ते रडणं खरं होतं. त्याच्यामुळेच मला जास्त राग आला. प्रज्ञाची सासू आली होती. ती फोटोला फुलं वाहायला गेली आणि फुलं हातात धरून तशीच थांबली. मग चष्मा वर करून बघितलं, वळली आणि मला शोधलं. मला वाटलं, आता सगळं मोडणार, आणि खरं सांगते, ते मोडावं असं मला वाटत होतं. पण बाईंनी मला बाहेर चपलांपाशी नेलं आणि म्हणाल्या, "माझ्या बहिणीला हेच झालेलं. वर्षभर माझ्याच घरी होती, माझ्याच खोलीत. तुम्ही लोकांनी मला सांगितलं असतंत तर मी त्यांना स्टेजवर बसवलं असतं गं." त्यांनी तो विषय पुन्हा कुठेच काढला नाही. लग्न ठरल्याप्रमाणे झालं. प्रज्ञाचा संसार चांगला चालला आहे. ज्याच्या भीतीने एवढं केलं, ते मुळात नव्हतंच.

प्रज्ञाला मी एकदा विचारलं, तुला माहीत होतं का आक्का त्या खोलीत आहे? ती म्हणाली, त्या दिवसातलं मला काही आठवत नाही, इतकी गडबड होती. असेलही.

दादा आता फार म्हातारे झाले आहेत. मी काहीतरी लिहिते आहे हे कळल्यापासून ते मागे लागले होते, आक्कावर लिही, आमच्या पिढीत अशी माणसं होती हे पोरांना कळू दे. मागच्या महिन्यात मी हे प्रकरण घेऊन डोंबिवलीला गेले आणि त्यांना वाचून दाखवलं. सगळं दाखवलं, वासापासून. सूड म्हणून दाखवलं, नाहीतर दुसऱ्या कशासाठी दाखवणार. ते डोळे मिटून ऐकत होते. भाकरीच्या आवाजापाशी त्यांनी मान डोलावली. दिव्याच्या जागेपाशी म्हणाले, "वारा मात्र छान होता तिथे." हॉलचा भाग आला तसा माझा आवाज चढला, तो मला आवरेना, आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. मी शेवटपर्यंत वाचलं आणि कागद मांडीवर ठेवले.

दादांनी डोळे उघडले आणि समजुतीच्या सुरात, लहान मुलाचं गणित चुकलेलं दाखवावं तसं, म्हणाले, "चांगलं लिहिलंयस. पण हॉलचं तेवढं दुरुस्त कर. आक्का साखरपुड्याला आलीच नव्हती. आली असती तर मी तिला पहिल्या रांगेत बसवलं असतं."

मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. मग मी आईकडे बघितलं. ती पदराला हात पुसत होती, हात कोरडे झाले तरी पुसत होती. म्हणाली, "जाऊ दे ना सुजा. एवढं म्हणतायत तर काढ."

मी कागद पिशवीत ठेवले आणि चप्पल घातली.